डोंबिवली सोडून सांगलीला जावं का? (माहेर आहे, म्हणूनच विचारतेय)

तिसरा_मजला | रविवार, रात्री ११:५०

खूप दिवस इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबण लागणार आहे, आधीच माफी.

आम्ही चौघं. मी, नवरा, यंदा सातवीत गेलेली लेक आणि सासूबाई. त्यांचं वय ७३, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, उजवा रांगेत आहे. डोंबिवली पूर्व, १९८६ ची बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. रिडेव्हलपमेंटची पहिली मीटिंग झाली तेव्हा लेक बालवाडीत होती. त्यानंतर पाच-सहा मीटिंगा झाल्या, प्रत्येक वेळी समोसे आले, बिल्डर बदलले, लिफ्ट काही आली नाही.

नवऱ्याचं ऑफिस ऐरोलीला. आत्तापर्यंत आठवड्यातून दोनदा जावं लागायचं, आता त्याच्या टीमला सांगितलंय की महिन्यातून एकदा तोंड दाखवलंत तरी पुरे. ज्या दिवशी हे कळलं त्याच रात्री जेवताना तो म्हणाला, "मग आपण इथे राहतोय कशासाठी?" सासूबाईंनी लगेच टीव्हीचा आवाज वाढवला.

सांगली, कारण माझं माहेर. गावभागात घर आहे, तिथे आई, दादा-वहिनी. अण्णा हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते, ते आता नाहीत. आम्ही माहेरच्या घरात राहणार नाही, वेगळं भाड्याने घेऊ. विश्रामबागेत लिफ्टवाला टू बीएचके ११-१२ हजारांत मिळतोय असं दादा म्हणतो, आणि आमच्या या वन बीएचकेला १६ हजार भाडं येईल. इथेच नवऱ्याचे डोळे चमकतात. सासूबाईंच्या दुसऱ्या गुडघ्यासाठी मिरज हाताशी आहे. लेक बुद्धिबळ खेळते, आणि सांगलीत बुद्धिबळ म्हणजे काय ते तिकडच्यांना सांगायला नको. भाऊसाहेब पडसलगीकरांचं नूतन बुद्धिबळ मंडळ तिथलंच, पाच वेळा महिलांच्या राष्ट्रीय विजेत्या झालेल्या भाग्यश्री साठे-ठिपसे तिथल्याच. इथे क्लासला न्यायचं तर स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला, शनिवारी संध्याकाळी. ज्यांनी तो पूल शनिवारी संध्याकाळी ओलांडलाय त्यांना पुढचं सांगत नाही.

आणि हवा. एमआयडीसीच्या बाजूने वारा आला की रात्री खिडक्या बंद. २०१६ ला स्फोट झाला तेव्हा आमची तावदानं थडथडली, २०२४ ला पुन्हा. दोन्ही वेळा सासूबाईंनी आधी देवघरातली समई पडली का ते बघितलं.

आता दुसरी बाजू.

पूर. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. आमच्या माहेरी तळमजल्यावर माझ्या खांद्याएवढं पाणी होतं. मी पाणी उतरल्यावर गेले. भिंतीवर तपकिरी रेघ, चारही भिंतींवर एकाच उंचीला, फूटपट्टीने मारल्यासारखी. गाळ कुठे कुठे असावा? मिक्सरच्या भांड्यात, शिलाई मशीनच्या खणात, नळाच्या तोटीत. गाद्या चौघांनी धरूनही उचलेनात. अण्णांनी जपलेल्या जुन्या रोजमेळाच्या वह्यांची पानं एकमेकांना चिकटून विटा झाल्या होत्या. त्यातली एक आईने उन्हात वाळवून ठेवलीय, अजून आहे, उघडत नाही. भिंतीला त्यानंतर दोनदा रंग दिला, पण पावसाळ्यात ती रेघ थोडी वर येतेच.

सासूबाई. लग्न होऊन आल्या तेव्हापासून डोंबिवलीत. सकाळी गणपतीचं देऊळ, फडके रोडवर भाजी, बुधवारी भजनी मंडळ, पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी. त्या एकच वाक्य बोलतात, "तुम्ही जा, मी राहते." कशा राहणार, ते बोलत नाहीत.

माहेर जवळ असणं ही बायकांना चैन वाटते हे मला माहीत आहे. पण सुट्टीला आठ दिवस जाणं वेगळं आणि रोज तिथे असणं वेगळं. तिथे मी अजून "दिवाणजींची धाकटी" आहे. शिवाय नवऱ्याला आत्तापासूनच मित्र "घरजावई" म्हणून चिडवतायत. तो हसतो, पण मला त्याचं हसणं कळतं.

मला दुचाकी येत नाही. येत होती, कॉलेजात असताना लूना चालवायचे. त्याला वीस वर्षं झाली.

माझी नोकरी ठाण्याला, सीएच्या ऑफिसात, १४ वर्षं. ती सोडावी लागेल.

ज्यांनी असं केलंय त्यांनी सांगा. "मनाचं ऐका" सोडून काहीही चालेल.

---

विश्रामबागकर | सोमवार, सकाळी ७:१५

ताई, या की बिनधास्त. पण घर बघताना दादांवर सोडू नका, स्वतः बघा.

पुराचं आधी सांगतो. सांगली पूर्ण बुडत नाही. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड ही पहिली जाणारी. मग गावभाग, मारुती चौक. शामरावनगरात नदी यायची गरज नाही, नुसता पाऊस लागून राहिला तरी पाणी तुंबतं. विश्रामबाग, कुपवाडची बाजू उंचावर आहे, २०१९ ला आमच्याकडं पाणी आलं नाही. माणसं आली. आमच्या दोन खोल्यांत तेव्हा अकरा जण होते, त्यातले चार आम्ही ओळखत पण नव्हतो. पण तुम्ही कोरड्यात असलात म्हणून सुटलात असं नाही. नळाला पाणी नाही, दूध नाही, पेट्रोल नाही, पुलाच्या पलीकडं जायची सोय नाही. पूर बघायची तयारी नसंल तर सांगली नको, मग कुठल्याही मजल्यावर राहा.

घर घेणार असाल (भाड्याचं नव्हे, विकतचं) तर पूररेषेचा नकाशा बघितल्याशिवाय बयाणा द्यायचा नाही. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. आता आम्ही २००५, २०१९, २०२१ असे तीन बघितले, त्यामुळं शंभर वर्षांचा हिशोब आमच्याकडं कुणी मनावर घेत नाही. जुलै-ऑगस्टात इथं प्रत्येक जण इंजिनिअर असतो. कोयनेतनं किती क्युसेक सोडलं, अलमट्टीतनं किती गेलं, हे पानपट्टीवाला पण सांगतो.

बाकी भाडं दादा म्हणतात तेवढंच आहे. रिक्षाला मीटर नावाची वस्तू असते हे विसरा. सांगली-मिरज वडाप (शेअरची जीप-रिक्षा) मिळतं, एसटीची सिटी बस पण आहे, पण खरं सांगायचं तर गाडी आल्याशिवाय इथं बाईमाणसाचं पान हलत नाही. लूना आली म्हणजे सगळं येतंय. पहिले आठ दिवस कॉलेज कॉर्नर टाळा.

शेरीनाल्याबद्दल (गावाचं सांडपाणी नदीत आणणारा नाला) काय लिहीत नाही. मी शाळेत होतो तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत तो बंद होतोय.

---

आरएसी_२३ | सोमवार, सकाळी ९:०२

फक्त गाडीपुरतं लिहितो, दर महिन्याला जातो-येतो म्हणून.

महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्रीची सोयीची. कल्याणला धरता येते, पहाटे सांगली. उलट पण तसंच, सांगलीला रात्री जेवून बसायचं, सकाळी कल्याण. पण "महिन्यातून एकदा" हे ऐनवेळी ठरत असेल तर विसरा. बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं आणि शुक्रवार-रविवारचं लवकर संपतं. गणपती-दिवाळीला तर विचारूच नका. तुमच्या मिस्टरांना तारीख दोन महिने आधी मिळणार असेल तरच गणित बसतं. वंदे भारत पुण्यापर्यंतच नेते आणि रोज नाही.

रात्रीच्या स्लीपर बसने मी एकदाच गेलोय. घाटात वरचा बर्थ. पुढचं सांगत नाही, हे तुमच्याकडूनच उसनं.

---

परत_फिरलेली | सोमवार, दुपारी ३:३०

मी ठाण्याहून साताऱ्याला गेले होते, २०२१ मध्ये. २०२३ च्या मेमध्ये परत आले. साताऱ्याबद्दल माझी एकही तक्रार नाही, आधीच सांगते. खिडकीतून अजिंक्यतारा दिसायचा. मुलगा सायकलवर शाळेत जायचा. पाहुणे आले की कासला नेऊन आणायचे, इतकं की शेवटी फुलांचा कंटाळा आला.

तुमची पोस्ट दोनदा वाचली. भाडं, गुडघा, बुद्धिबळ, पूर, सासूबाई, लूना सुद्धा, सगळं सविस्तर लिहिलंत. तुमची नोकरी शेवटून दुसरी ओळ आहे. १४ वर्षं आणि दोन वाक्यं.

मी लॅबमध्ये होते, सीनियर टेक्निशियन. नवऱ्याला घरून काम, त्याचा पगार ठाण्याचाच. साताऱ्यात खर्च कमी, म्हणजे माझ्या पगारावाचून घर आरामात चालत होतं. हाच घोटाळा झाला. अडलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं की हिला काम कधी मिळणार. अडलंच नाही. मी दोन ठिकाणी जाऊन आले, ठाण्याच्या निम्म्याहून कमी पैसे आणि रविवारीही यायचं. घरी सगळे म्हणाले, "कशाला दगदग करतेस, जरा आराम कर." मी आराम केला. सहा महिने बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग एक दिवस नवरा मीटिंगमध्ये, दार लावलेलं. मी चहा घेऊन गेले, त्याने कॅमेऱ्याबाहेर हात काढून कप घेतला. माझ्याकडे बघितलं नाही, बघण्याचं कारणही नव्हतं, तो बोलत होता. तो हात मला अजून दिसतो. भांडण वगैरे काही झालं नाही. मी स्वयंपाकघरात आले आणि जुन्या बॉसला मेसेज केला.

आमचं परत येणं महाग पडलं. सामान दोनदा हललं, शाळा दोनदा बदलली, डिपॉझिट दोनदा. नवरा अजून अधूनमधून म्हणतो की तू जरा धीर धरला असतास तर. असेलही.

तुम्ही जाऊ नका असं मी म्हणत नाही. नवऱ्याच्या कंपनीकडून घरून काम करण्याचं लेखी घ्या, तोंडी नको, माणसं बदलली की तोंडी बदलतं. आणि तेवढ्याच गंभीरपणे तुमच्या साहेबांशी बोला. राजीनामा द्यायला नाही, सौदा करायला.

---

भडंगप्रेमी | सोमवार, दुपारी ४:११

विषय गंभीर आहे, पण भडंगाचं जयसिंगपूर अर्ध्या तासावर, एवढं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

---

तिसरा_मजला | सोमवार, रात्री १०:२०

@परत_फिरलेली, दुपारपासून तुमचं वाक्य डोक्यात फिरतंय. दोन वाक्यं का लिहिली माहितीये? कारण त्याबद्दल उत्तर मला ठाऊक होतं असं मी धरून चालले होते. दादाने ओळखीत दोन ठिकाणी विचारलं. एकाने १६ हजार सांगितले, दुसऱ्याने १८ आणि वर "ताई, घरचंच समजा." मला ठाण्यात ४६ आहेत. तिथे तीन पोरी माझ्या हाताखाली तयार झाल्या, सप्टेंबरात टॅक्स ऑडिटची धावपळ असते तेव्हा साहेब स्वतः माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहतात. "घरचंच समजा" म्हणजे किती वाजता सुटणार ते विचारायचं नाही, एवढं कळण्याइतकी मीही दिवाणजींची मुलगी आहे.

@विश्रामबागकर, अकरा जणांची गोष्ट वाचून आईला फोन केला. आईसुद्धा अशाच कुणाकडे तरी आठ दिवस होती. नाव अजून आठवत नाही म्हणते, आडनाव आठवतं.

---

मिरज_जंक्शन | मंगळवार, पहाटे ५:४०

नमस्कार. मी ६९ वर्षांचा आहे. ठाण्यातून निवृत्त होऊन नऊ वर्षांपूर्वी मिरजेत मूळ घरी आलो. तुमच्या सासूबाईंच्या वतीने दोन शब्द लिहितो, कारण इथे त्यांची बाजू कुणी मांडणार नाही.

दवाखान्यांची चिंता करू नका. मिशन हॉस्पिटलच्या काळापासून मिरज डॉक्टरांचं गाव आहे, कर्नाटकातून लोक येतात, वेटिंगमध्ये अर्धं कानडी ऐकू येतं. गुडघा होईल. पण गुडघा कशासाठी करायचा, तर कुठेतरी चालत जाण्यासाठी. माझ्या पत्नीला ठाण्यात तलावपाळीला रोज सात जणी भेटत. इथे घर मोठं, अंगण आहे, जास्वंद आहे, आणि पहिलं वर्षभर ती संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून गेटकडे बघत बसायची. येणाऱ्याला हाक मारायला नावं तर माहीत हवीत! दुसऱ्या वर्षी दर्ग्याच्या उरसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं असतं तिथे नेलं. रात्रभर बसली. शेजारी सतारी करणाऱ्यांच्या घरातल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांची ओळख झाली, ती टिकली. पण मधलं वर्ष गेलंच. ते मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

सासूबाईंना "येता का" विचारू नका. त्यांना नाहीच म्हणावं लागतं. काही दिवस राहायला घेऊन या, आणि घेऊन आलात तर तुम्ही कामाला लागा, त्यांना एकट्यांना बाहेर पडू द्या. आणि मे महिन्यात आणू नका, तेव्हा कुठलंही माहेर चांगलंच वाटतं. पावसाळ्यात आणा.

---

तिसरा_मजला | अडीच महिन्यांनी, शनिवार, दुपारी २:३०

धागा वर काढतेय. मिरजेच्या काकांचं ऐकलं. जुलैअखेर ते ऑगस्टचा मध्य, वीस दिवस राहून आलो. लेकीची शाळा बुडाली, बुडू दिली. माहेरच्या घरी राहायचं नाही असं ठरवूनही शेवटी तिथेच राहिलो, कारण वीस दिवसांसाठी कोण घर देतं?

दादा रोज सकाळी चहाआधी आयर्विनची पातळी बघतो, आपण लोकल वेळेवर आहे का बघतो तसं. एक दिवस पाणी झपाझप वाढलं. कुणी काही बोललं नाही. वहिनीने खालच्या कपाटातल्या साड्या गठ्ठ्यांनी माळ्यावर टाकल्या, गॅस सिलिंडरला दोरी बांधून ठेवली, हात धुतले आणि पोळ्या लाटायला बसली. मी विचारलं, "कितीला निघायचं?" म्हणाली, "बघू की, चाळीसच्या पुढं गेलं की." पाणी अलीकडेच थांबलं, साड्या मात्र माळ्यावरच राहिल्या. सप्टेंबरात खाली येतात म्हणे. माझा नवरा, ज्याला गावभागातला जुना वाडा बघून फार काव्य सुचायला लागलं होतं, तो त्या दिवसापासून "विश्रामबागच" म्हणतोय.

त्याला मात्र करमलं. दुपारी दीड ते चार अर्धा गाव झोपतो, दुकानांची शटरं अर्ध्यावर, आणि त्याच वेळात याचं काम सगळ्यात चांगलं होतं. फक्त घरजावई प्रकरण मिटलं नाही. दादाच्या मित्रांनी त्याला कट्ट्यावर नेलं, "पाव्हणं" म्हणून बसवलं आणि वीस दिवस बिल देऊ दिलं नाही. त्याला ते आवडतं आणि टोचतं, दोन्ही.

लेक मंडळात तीन संध्याकाळी खेळली. एका साठीच्या आजोबांनी तिला दोन डाव हरवलं, मग तिसरा डाव थांबवून तिच्या घोड्याचं काय चुकलं ते अर्धा तास समजावलं. फी घेतली नाही, नाव विचारलं नाही. घरी आल्यावर तिने तो डाव वहीत उतरवून काढला. तिची तक्रार वेगळीच. "आई, तू इथे आलीस की बदलतेस." काय बदलते? तर मी फोनवर वहिनीला म्हणाले होते, "आलो मी, पाच मिनिटांत." सांगलीत बायका "आलो, गेलो, करतो" म्हणतात, माझंही लहानपण तसंच गेलं. डोंबिवलीत लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात नणंद हसली होती, तेव्हापासून मी "आले, गेले" शिकले. वीस वर्षांत एकदाही चुकले नव्हते, आणि इथे सहाव्या दिवशी आपोआप सुटलं. लेकीला ते विचित्र वाटलं. मला काय वाटलं ते मलाही नीट सांगता येत नाहीये. घाबरले थोडी.

वहिनीची अॅक्टिव्हा चालवली. पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत, चौथ्या दिवशी विश्रामबागेपर्यंत. कॉलेज कॉर्नर टाळला.

सासूबाई. काकांनी सांगितल्याप्रमाणे एकट्या सोडल्या. गणपती मंदिरात चालत जायच्या. रस्त्यात कुत्री फार, फुटपाथ नाही, दोनदा दादाने स्कूटरवरून परत आणल्या. भजनाला एका ठिकाणी गेल्या आणि फणफणत आल्या, "किती संथ म्हणतात ग, झोप लागते." पण पुढच्या बुधवारी न सांगता पुन्हा गेल्या. बहुतेक चाल सुधारायला.

आणि नोकरी. @परत_फिरलेली, जाण्याआधी साहेबांशी बोलले. आधी ते हसले, मग गप्प झाले, मग दोन दिवसांनी बोलावलं. सौदा असा: घरून काम, ४६ चे ३४, ऑडिटच्या दिवसांत १० ते ३० सप्टेंबर आणि मार्चअखेर ठाण्यात हजर. मी ३८ म्हणून बसलेय. अजून तुटलेलं नाही. सांगलीत असताना दोन हळद व्यापाऱ्यांकडे गेले, जीएसटीच्या रिटर्न्सचं बघायला. एकाने अण्णांचं नाव काढलं, म्हणाला पेवातला (हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारातला) माल किती पोती ते दिवाणजी वही न बघता सांगायचे. मग लगेच म्हणाला, त्यांच्या मुलीकडून फी काय घ्यायची-द्यायची. मी म्हटलं, माझी फी लिहून देते. लिहून दिली. त्याने चष्मा लावून वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली. कालच त्याच्या मुलाचा फोन आला, कागद पाठवतोय.

तर ठरलंय ते एवढंच: लेकीची सातवी इथेच पूर्ण, पुढच्या मेमध्ये जायचं, ११ महिन्यांचा रजिस्टर्ड करार, डोंबिवलीचं घर विकायचं नाही. नवऱ्याच्या कंपनीचं पत्र आलंय, त्यात "सध्या" हा शब्द आहे. तो शब्द मी त्याला तीनदा दाखवला.

आता खरा प्रश्न, ज्यासाठी धागा वर काढला. सासूबाईंचं लोखंडी कपाट आहे, तीन दारांचं, आरशाचं. १९८६ ला दोर लावून गॅलरीतून वर घेतलेलं, कारण जिन्याच्या वळणावर ते वळत नाही. नंतर गॅलरीला ग्रिल लागलं. काल मी म्हटलं, "आई, अकरा महिन्यांसाठी कपाट कशाला न्यायचं?" तर म्हणाल्या, "अकरा महिन्यांसाठी मला तरी कशाला नेताय?"

म्हणजे कपाट न्यायचंय. पॅकर्सवाला जिना बघून नाही म्हणाला. कुणाला अनुभव?

---

विश्रामबागकर | शनिवार, दुपारी ३:०५

ग्रिल कापायला लागतंय. वेल्डर आदल्या दिवशी बोलवा, चारी बाजू न कापता तीनच कापायला सांगा आणि चौथीला बिजागरी मारून घ्या. अकरा महिन्यांनी परत चढवायची वेळ आली तर सोपं पडंल. आरसा आधी काढा.

---

परत_फिरलेली | शनिवार, दुपारी ३:२०

३८ वर ठाम राहा.